गुंतवळ

आम्ही दोघी जावा पंधरा दिवसांच्या अंतराने बाळंत झालो. तिसरा महिना सरला आणि घरातला कंगवा लपवून ठेवण्याची वस्तू झाली. वेणी सोडली की मूठभर गुंतवळ हाती येई. मोरीची जाळी तुंबे. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली गं. पोटुशा होतात तेव्हा केस कसे दाट दिसत होते!" शेजारच्या खालांनी कलौंजीचे तेल दिले. आम्ही ओढणी आणखी पुढे ओढली. आतले कोणाला दिसत नाही, हा ओढणीचा फायदा. तोच तोटाही, हे उशिरा कळले.

त्याआधी गरोदरपणात गालांवर वांग आले, पोटावर काळी रेघ उमटली. रेघ झाकलेली होती, गाल उघडे. जव्हारच्या बाजारातून आम्ही गोरेपणाचे मलम आणले. आठ दिवस चेहरा उजळला, मग भाजल्यासारखा लाल झाला. अशा मलमांत कधी स्टिरॉइड, कधी पाराही असतो, हे आम्हा शिकल्यासवरल्यांनाही ठाऊक नव्हते. बाळंतपणानंतर वांग बहुधा आपोआप फिकट होतो. उन्हापासून जपावे, एवढेच करायचे होते.

केस गळतात म्हणून दवाखान्यात जायचे? लोक हसतील! मुले नऊ महिन्यांची झाली, गोवराच्या लसीला नेली, तेव्हा नर्सबाईंनी आमच्याच पापण्या खाली ओढून पाहिल्या. बोटातून रक्त घेतले. एकीचे हिमोग्लोबिन नऊ, दुसरीचे आठ. "गोळ्या घेतल्या होत्या ना?" आम्ही गप्प. गरोदरपणी रोज एक अशा १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. मळमळते म्हणून आमची पाकिटे कपाटातच राहिली. ज्या घेतल्या त्याही चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्याने लागते.

नर्सबाईंनी केसांचेही समजावले. एरवी रोज पन्नास-शंभर केस गळतच असतात. गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळे ते गळायचे थांबतात, म्हणून डोके भरलेले दिसते. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी राहिलेले सगळे एकदम गळतात. मूल वर्षाचे होईपर्यंत बहुतेकींचे परत येतात. नजर नाही, दूध पाजल्यानेही नाही. पण रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडले असेल, तर गळती लांबते. तेव्हा तेल नव्हे, तपासणी हवी.

मोखाड्याकडच्या पाड्यावरून एक ताई आमच्याकडे रानभाजी विकायला येते. कडेवरच्या लेकराचे केस विरळ, तांबूस. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही म्हणालो, "किती छान रंग!" आज ते आठवले की मान खाली जाते. तो रंग उपासमारीचा असतो. याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने कितीतरी मुले गेली. २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. योजनेला नाव आहे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. आमचे रक्त पातळ होते ते भरल्या घरात, कारण सगळ्यांची ताटे उठल्यावर उरेल ते आम्ही खात होतो. ताईला आम्ही हे सांगितले तर ती म्हणाली, "केस जातात नि येतात बाय. आधी पोटाला खा."

मग आम्ही सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसू लागलो. नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, डाळ, अंडे, वर लिंबू. आणि गोळी रात्री, चहापासून दूर. सासूबाईंना आधी रुचले नाही. पण पुढल्या तपासणीत आकडा अकराच्या वर गेला, तेव्हा वाढायला त्याच पुढे आल्या. कपाळाशी बारीक केस उगवले.

अकीक्याला मुलांचे जावळ काढले, तोलले आणि तेवढ्या वजनाची चांदी खैरात केली. आईचे गुंतवळ कोणी तोलत नाही. ते नकोच तोलायला. तिच्या रक्ताचा एक थेंब वेळेवर तपासला तरी पुरे.