मावशीचे कार्ड कुठे आहे?

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली परमपूज्य बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे थांबले होते, ही आठवण खानदेशातल्या आपल्या समाजाने जपली आहे.

मागच्या यात्रेहून आम्ही वस्तीतली माणसे एस.टी.ने जळगावला परत येत होतो. पारोळा मागे पडले होते आणि नेहमीप्रमाणे माझे भाषण सुरू होते. मी एका कारखान्यात कारकून. कामगारांच्या आरोग्य विम्याचे, म्हणजे ई.एस.आय.चे कागद वीस वर्षे माझ्याच हातून जातात. मी सांगत होतो, की बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४३ साली, प्रा. आडारकर यांच्याकडे कामगार विम्याचे काम सोपवले गेले. पुढे १९४८ चा कायदा झाला. आज शंभर रुपये पगारामागे कामगाराचे पंचाहत्तर पैसे कापले जातात, मालक सव्वातीन रुपये भरतो. वर्गणी नियमाने भरलेली असेल तर आजारपणात औषधपाणी मिळते, शिवाय वर्षात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरीही मिळते.

मागच्या बाकावरून मावशीने विचारले, "मंग भाऊ, मनं कारड कोठे शे?"

मावशी आमच्याच गल्लीतली. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनात रुई-सरकीचे काम करते. आदल्या हंगामात खोकल्याने दोन महिने अंथरुणाला खिळली. मजुरी बुडाली, उसनवारी झाली, आणि थोरल्या मुलीची अकरावी सुटली. ती आईच्या जागी जिनात गेली. मी ठासून सांगितले, "मावशी, मालकाने कार्ड केले नसेल. आपण तक्रार करू."

दुसऱ्या दिवशी कायद्याचे पुस्तक उघडले आणि मान खाली गेली. हा कायदा हंगामी कारखान्यांना लागूच नाही. त्या कारखान्यांच्या यादीत पहिलेच नाव कापसातून सरकी काढण्याचे, म्हणजे जिनिंगचे आहे. त्यामागे प्रेसिंग, भुईमूग फोडणे, गूळ-साखर. आपल्या भागातला गरीब माणूस जी कामे करतो, नेमकी तीच. तक्रार कोणाविरुद्ध करायची? मालकाने कायदा मोडलेलाच नव्हता.

मग प्रश्न पडला, हे असे का झाले? कामगार विम्याची कल्पना मुळात परदेशातली. जर्मनीने १८८३ साली आजारपणाचा विमा आणला, इंग्लंडने १९११ साली. तिथला कामगार बारा महिने एका गिरणीत, दर आठवड्याला पगार घेणारा. त्यातून वर्गणी कापणे सोपे. आपल्याकडेही सुरुवात बारमाही कारखान्यांपासूनच झाली. पहिले पाऊल म्हणून ते चुकीचे म्हणता येत नाही. पण इंग्लंड तिथेच थांबले नाही. १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर, ५ जुलै १९४८ पासून तिथे प्रत्येक रहिवाशाला सरकारी वैद्यकीय सेवा मिळू लागली. आपण मात्र पहिल्या पावलावरच राहिलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही या विम्यातून हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत.

काही जण म्हणतील, परदेशी कायदे आपल्या मातीत रुजतच नाहीत. मला ते पटत नाही. राज्यघटना उसनी आणली, असा आरोप झाला तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले, की उसने घेण्यात लाज नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते. घ्यावे जरूर, पण आपल्या अंगाच्या मापाने बेतून घ्यावे.

तथागतांनी हेच केले. आपल्या खानदेशाच्या उत्तरेला, आजच्या माळव्यात, अवंती देश होता. तिथे भिक्खू थोडे होते, म्हणून उपसंपदेला दहा भिक्खू जमवणे कठीण जाई. जमीनही खडबडीत. सोण कुटिकण्ण याने महाकच्चायन थेरांचा हा निरोप भगवंतांपर्यंत नेला. भगवंतांनी अशा सीमेवरच्या प्रदेशांसाठी पाच भिक्खूंची उपसंपदा मान्य केली आणि जाड तळव्याच्या पादत्राणांना परवानगी दिली. धम्म तोच राहिला, नियम मात्र त्या देशातल्या माणसांकडे पाहून बदलला.

आपल्या राज्याने हे करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आपल्या घराघरात आहेत. त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम देण्याची जबाबदारी सरकारवर आली. पैसा हवा म्हणून १९७५ साली पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तो माझ्याही पगारातून कापला जातो. २००५ साली केंद्रानेही कामाच्या हमीचा कायदा केला. हंगामी मजुराला डोळ्यांसमोर ठेवून कायदा करता येतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

मग आरोग्य विम्याचे तसे का होऊ नये? हंगामात मजुरी मिळते तेव्हा वर्गणी कापावी, मालकाचा वाटा घ्यावा, आणि उरलेल्या महिन्यांचा भार सरकारने उचलून संरक्षण वर्षभराचे द्यावे. ही मागणी आपल्या संघटनांनी उचलली पाहिजे.

चार दिवसांनी मी मावशीकडे गेलो. म्हणालो, "मावशी, मी चुकीचे बोललो. तुझे कार्ड कुणी लपवलेले नाही. कायद्यातच ते नाही."

तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "मंग आमी कामगार नहीं का, भाऊ?"

त्या आठवड्यात वस्तीतल्या जिनात जाणाऱ्या बायाबापड्यांची यादी करायला घेतली. कोण किती महिने काम करते, कोण आजारी पडले, किती मजुरी बुडाली, सगळे लिहितो आहे. निवेदनाला तीच जोडायची. यादीत पहिले नाव मावशीचे, आणि दुसरे, अकरावी सोडलेल्या तिच्या मुलीचे.

आपापल्या वस्तीत अशीच यादी करावी, ही विनंती. जय भीम!