गाठ मारलेली पिशवी

मायभगिनींनो, आठवडी बाजारातून सामान आले की एकदा मोजून पाहा, भाजी-फरसाणाबरोबर प्लॅस्टिकच्या किती पिशव्या घरात आल्या. त्यांतलीच एखादी खरकटे भरून, गाठ मारून उकिरड्यावर जाते. गाईला गाठ सोडता येत नाही. सालींच्या वासाने ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, पुढेही सरकत नाही. पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत राहते. रवंथ मंदावते, पोट फुगते, दूध आटते. गोळा मोठा झाला की पोट चिरूनच काढावा लागतो, तोही वेळेत कळले तर.

राज्यात २०१८ पासून या पिशव्यांना बंदी आहे, तरी त्या मिळतातच. बंधूंनो, हसू नका; रिकाम्या हाताने बाजारात तुम्हीच जाता! जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या सायकलला, गाडीला कायम अडकवून ठेवा. दुधाला किटली न्या. साली सरळ खताच्या खड्ड्यात टाका.

जुनी डबा-बाटली पुन्हा वापरणे चांगलेच. फवारणीच्या औषधाची बाटली मात्र तेल-पाण्याला कधीही घेऊ नका. ती रिकामी होताच तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे दुसरेही कोणी ती भरणार नाही.