नागनदीच्या काठाने

नागपूर शहराला ज्या नदीने नाव दिले, ती नदी पाहायला कोणी मुद्दाम जात नाही. शेतकरी बंधू-भगिनींनो, मी मात्र दिवाळीनंतरच्या एका रविवारी मोटारसायकल काढली आणि अंबाझरी तलावापासून खाली, पूर्वेकडे, नदीच्या काठाकाठाने निघालो. कारण घरगुतीच म्हणा. पूर्वेच्या एका गावातील काकाजींचा निरोप आला होता : "साहेब, विहिरीचं पाणी पाहून जा. सून म्हणते डाळ शिजत नाई."

लाव्ह्याच्या टेकड्यांकडून येणारे पाणी अंबाझरीत साठते आणि तलावाखालून नाग शहरात शिरते. सप्टेंबर 2023 मध्ये हाच तलाव भरून वाहिला आणि एका रात्रीत खालच्या वस्त्यांत पाणी घुसले, हे पुष्कळांना आठवत असेल. एरवी मात्र नदीत पावसाचे पाणी थोडे आणि गटाराचेच फार. सीताबर्डी, महाल करीत ती पूर्वेला येते तोवर तिचा रंग आणि वास दोन्ही बदललेले असतात. नाकाला रुमाल लावूनच मी पूल ओलांडला.

पुढे भांडेवाडी. शहराचा कचरा येथे वर्षानुवर्षे पडत आला आहे. पावसाचे पाणी अशा ढिगातून झिरपले की चहाच्या गाळणीतून उतरावे तसा काळा अर्क खाली उतरतो आणि जमीन तो पीत राहते. त्याच भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्रही आहे. तेथून निघालेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. ही चांगली गोष्ट आहे. तेवढे धरणाचे पाणी वाचते. पण सगळेच सांडपाणी काही शुद्ध होत नाही. उरलेले नागेत जाते, गोरेवाड्याकडून आलेली पिवळी नदी शहराच्या पूर्वेला तिला मिळते आणि दोघींचे मिळून पाणी कुही तालुक्याकडे, कन्हानेकडे वाहत जाते.

काकाजींचे वावर याच वाटेवर आहे. काळी, कसदार जमीन, नदीला लागून. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी येथे येत असे. त्या वेळी सांबार, पालक आणि फुलकोबी इतकी माजलेली असे की मी स्वतः म्हटले होते, "या पाण्यात खतच आहे, युरिया कमी टाका." ते खोटे नव्हते. सांडपाण्यात नत्र असते, स्फुरदही असते. पण त्याबरोबर आणखी काय येते, हे मी तेव्हा सांगितले नाही, कारण मला ते पुरते कळलेलेच नव्हते. साबणाचा सोडा, मीठ, आणि धातूला मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांसारख्या ठिकाणांहून क्रोमियम, निकेल असले धातू सांडपाण्यात मिसळतात. सोडा काळ्या मातीत साचला की माती चिकट होते, पाणी मुरत नाही, वाळली की दगडासारखी होते. धातू तर जमिनीतून कुठेच जात नाहीत. पालेभाज्या ते उचलतात.

काकाजींनी मला बांधावर बसवले आणि हसत म्हणाले, "तुमीच तं सांगितलं होतं, साहेब." त्या हसण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

विहीर नदीपासून थोड्याच अंतरावर. पावसाळ्यात भूजल नदीकडे वाहते, पण उन्हाळ्यात मोटार लावून विहीर उपसली की उलटे होते. विहिरीची पातळी नदीपेक्षा खाली जाते आणि नदीच विहिरीकडे येऊ लागते. नागपूरच्या पश्चिमेला काळा दगड, पूर्वेला जुना ग्रॅनाईटसारखा दगड. दोन्हींत पाणी भेगाभेगांतून जाते. वाळूत जसे थोडेफार गाळले जाते तसे भेगेत गाळले जात नाही. म्हणून डोळ्याला निर्मळ दिसणारे पाणीही फसवते.

नमुना असा घेतला. स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा त्याच पाण्याने तीनदा विसळला, मोटार दहा मिनिटे चालू ठेवली, मग डबा काठोकाठ भरून झाकण लावले, वर विहिरीचे नाव आणि तारीख लिहिली आणि त्याच दिवशी शासकीय प्रयोगशाळेत दिला. अहवालात कठीणपणा तर होताच, म्हणजे डाळीचे कोडे सुटले. पण नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरेच पुढे होते.

घरात चार महिन्यांचे नातू. सूनबाई म्हणाली, "आम्ही उकळूनच देतो ना, काकाजी." बायांनो, हे नीट ऐका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटले की ते अधिक दाट होते. तुरटी आणि ब्लीचिंगनेही जात नाही. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून पाजले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, ओठ-नखे निळसर पडतात. असे दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता सगळा दोष शहराचा, असेही नाही. काकाजींचा उकिरडा विहिरीपासून वीस पावलांवर आणि संडासाचा खड्डा त्याहून जवळ. तेथूनही नायट्रेट उतरते. मी हे बोललो तेव्हा काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. हा वाद त्या घरात जुना असावा.

उकिरडा हलवायचे त्याच दिवशी ठरले. नदीचे पाणी पालेभाजीला आणि मुळ्याला बंद. त्या तुकड्यात कापूस, आणि धुऱ्यावर बांबू. जिप्सम टाकायचे ते माती तपासल्यावरच. कोरडी पडलेली कूपनलिका काकाजींनी गोठ्याचे पाणी जिरवायला वापरली होती, तिचे तोंड बुजवायला लावले. असे केले की घाण थेट खोल पाण्यात जाते, आणि मग शेजाऱ्याचीही विहीर जाते.

गावातील आणखी सात विहिरींचे नमुने घ्यायचे आहेत. एका घरचा कागद कोणी वाचत नाही, आठ घरांचे अहवाल ग्रामसभेच्या ठरावाला जोडले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे 1974 च्या जल कायद्याखाली नेटाने तक्रार करता येते. जुलै 2022 मध्ये कोराडीचा खसाळ्यातील राखेचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले, तेव्हाही ज्यांच्याजवळ आधीचे कागद होते त्यांचे बोलणे सोपे गेले असेल.

परतताना आंभोऱ्यापर्यंत गेलो. कन्हान येथे वैनगंगेला मिळते. मुकुंदराजांनी विवेकसिंधु येथेच लिहिला, अशी परंपरा आहे. नागेचे पाणी कन्हानेतून येथवर येते आणि पुढे गोसीखुर्दच्या धरणात थांबते. घाटावर काही बाया दिवे सोडत होत्या. काठाशी पाणी हिरवट दिसले, मी हात धुतले नाहीत.

काकाजींकडे प्यायला आता नळयोजनेच्या टाकीचे पाणी येते, सूनबाई दोन कळश्या सकाळीच भरून ठेवते. पुढचा नमुना मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना घ्यायचा. डायरीत तारीख लिहून ठेवली आहे.