बंडूचा खुबा

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आया आपल्याकडे काही कमी नाहीत. नाशिकला आमच्या गल्लीतच तिघी आहेत. मी मात्र गेले ती लेकीच्या कुत्र्याच्या ऑपरेशनला! हसा खुशाल, आमच्या भिशीतल्या बायकाही हसल्या. पण लेक-जावई दोघंही नोकरीवर, नात शाळेत, आणि बंडूला ऑपरेशननंतर दीड-दोन महिने एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा २०२३ च्या सप्टेंबरात मी न्यू जर्सीला जाऊन पोचले.

बंडू लॅब्रॅडॉर जातीचा, वय अडीच वर्षं, वजन ३४ किलो. उठताना कण्हायचा, जिना टाळायचा, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीनं टाकायचा. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत बसायला हवा, उखळात मुसळ बसावं तसा. बंडूची वाटी बशीसारखी उथळ, आणि माथा घासून घासून चपटा झालेला. याला हिप डिस्प्लेसिया म्हणतात. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत हे फार. आईबापांकडून सैल सांध्याचा वारसा येतो आणि वाढत्या वयात खुबा बिघडत जातो.

वजन उतरवणं, गोळ्या, सगळं वर्षभर करून झालं होतं. आता राहिले दोन मार्ग. एक म्हणजे हाडाचा माथा कापूनच टाकायचा आणि भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर पाय चालू द्यायचा. लहान चणीच्या कुत्र्यांना हे छान मानवतं, भारी कुत्र्यांना तितकंसं नाही. दुसरा मार्ग, माणसासारखाच सबंध सांधा बदलायचा. धातूचा दांडा, त्यावर गोळा, आणि कमरेत नवी वाटी.

सही घेण्याआधी डॉक्टरांनी काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं. गोळा वाटीतून निसटतो, जखमेत जंतू शिरतात, मांडीच्या हाडाला चीर जाते, नस ताणली जाते, आणि काही वर्षांनी दांडा किंवा वाटी ढिली होते. माझ्या तर पोटात गोळा आला. पण निकाल चांगले आहेत म्हणाले, आणि ते खरंच आहे. ओहायोतल्या डॉक्टरांनी अशा २२१ सांध्यांचा पाच वर्षांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला होता. त्यात तेव्हाच शंभरातल्या नव्वदांहून अधिक कुत्र्यांचा पाय चांगला चालू लागला होता. पण बाई, उरलेल्या आठ-नऊंत आपलं कुत्रं नसेल कशावरून?

ऑपरेशन डाव्या पायाचं झालं. दुसऱ्याच दिवशी बंडूनं पाय टेकवला. घरी सगळी लाकडी जमीन, आरशासारखी गुळगुळीत. आम्ही घरातल्या झाडून साऱ्या सतरंज्या, योगाच्या रबरी चटया, नाहणीतली पायपुसणी अंथरली. सोफा नाही, जिना नाही, उड्या नाहीत. अंगणात न्यायचं ते पट्टा धरून, पोटाखालून टॉवेलची झोळी घालून. बाळंतिणीला जपावं तसं जपलं.

आणि एकोणिसाव्या दिवशी, पट्टा आणि झोळी दोन्ही लेकीच्या हातात असताना, कुंपणावर खार दिसली! गडी असा काही वळला की जागच्या जागी ओरडून खाली बसला. पाय आखूड दिसू लागला, टेकवेना. गोळा वाटीतून निसटला होता. सुरुवातीचे आठवडे याच भीतीचे असतात, स्नायू अजून सांधा धरून ठेवण्याइतके भरलेले नसतात ना.

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. जावई म्हणाले, हजारो डॉलर गेले, आता सगळं काढून टाकू आणि त्या जनावराचे हाल थांबवू. लेक काहीच बोलेना. नात दाराआडून ऐकत होती. मला विचाराल तर जावयांचं बोलणं निष्ठुर मुळीच नव्हतं. घरखर्चाची वही मीही चाळीस वर्षं लिहिते आहे. पण डॉक्टरांनी एक गोष्ट समजावली. कुत्रं तरुण आहे, दांडा जागेवर पक्का आहे, बिघाड फक्त वाटीच्या बाजूचा आहे. वाटीचा कल बदलून बसवली तर पाय वाचेल. जंतू शिरले असते तर मात्र बहुधा सगळंच काढावं लागलं असतं. हे ऐकून जावयांनीच सही केली.

पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायचे! नातीनं माझ्या शिवणाच्या टेपनं दर रविवारी त्याची मांडी मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायचं असं ठरवलं. पहिले चार रविवार आकडा हलला नाही. पुढं हळूहळू मांडी भरत गेली. बारा आठवड्यांनी एक्स-रे झाला, सगळं जागच्या जागी. आता दर वर्षी एक्स-रे काढायचा, कारण ढिलेपणा गुपचूप येतो.

उजवा खुबा तसाच आहे. डॉक्टर म्हणाले, घाई नको, एक बाजू सुधारली की पुष्कळ कुत्र्यांचं त्यावर भागतं. म्हणून जेवण मात्र मापूनच. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभराचा एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी जेवणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे खुबेही उशिरा झिजले. तूप लावलेली पोळी हळूच सरकवणाऱ्या आज्यांनी हे वाचावं!

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी त्यांच्या अल्सेशियनबद्दल विचारलं. तो अकरा वर्षांचा, हृदय कमजोर. त्याला एवढी मोठी भूल द्यायची कशाला, असं त्यांचे डॉक्टरही म्हणाले. काकू स्वतःची गुडघेदुखीची गोळी त्याला अर्धी द्यायच्या विचारात होत्या, ती आधी काढून घेतली. आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. त्याची गोळी त्याच्याच डॉक्टरांनी दिली. आणि त्यांच्या नव्या चकचकीत फरशीवर आम्ही दोघींनी मिळून दारापासून त्याच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंज्या अंथरल्या.