दर्याकाठच्या घराचं एस्टिमेट

पाचूबंदरला घराचं काम निघतं ते दिवाळीच्या पुढेमागे. पाऊस ओसरलेला असतो, बोटी नारळी पौर्णिमेपासून दर्यात असतात, हातात जरा पैसा खेळू लागलेला असतो. स्लॅब आणि बाहेरचं प्लास्टर मेअखेर उरकलं पाहिजे, हेही घरात सगळ्यांना ठाऊक असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत मासळीचा पैसा येत नाही आणि उघड्यावरचं बांधकामही होत नाही. म्हणजे हा अंक तुम्ही चाळत असाल तेव्हा वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या या कोळीवाड्यात कुणाच्या तरी ओटीवर एखादा ठेकेदार टेप घेऊन बसलेला असणार. त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्नही ठरलेला: "चौरस फुटाला काय घेणार?"

घरांची एस्टिमेटं काढणं आणि ठेकेदारांची बिलं तपासणं हा माझा व्यवसाय. याच्याइतका महागात पडणारा प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही.

कोणता चौरस फूट? एकाच्या हिशोबात जिना आणि बाल्कनी पूर्ण धरलेली असते, दुसऱ्याच्या अर्धी. एकाच्या दरात जोत्याची भरणी असते, दुसऱ्याच्या नसते. संडासाची टाकी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ग्रिल, जुन्या घराचा राडारोडा उचलणं ही सगळी मंडळी पुढे 'एक्स्ट्रा' या नावाने एकेक करून हजर होतात. स्वस्त वाटलेला दर बहुतेक वेळा अर्धवट दर असतो. म्हणून आधी कामाची यादी करा: खोदाई इतके घनफूट, काँक्रीट इतके घनमीटर, सळई इतके किलो, वीटकाम, गिलावा, लादी. तीच यादी तिघा ठेकेदारांना द्या आणि प्रत्येक ओळीपुढे दर भरून मागा. मग तुलना होते. 'लेबर रेट'ने काम द्यायचं की 'मटेरियलसकट', हा वादही त्याच यादीवर सुटतो.

ढोबळ अंदाज घरबसल्याही काढता येतो. साध्या आरसीसी घराला चौरस फुटामागे सिमेंटची ०.४ पोती आणि सळई ३.५ ते ४ किलो, असा आमच्यात ठोकताळा आहे. ६०० चौरस फुटांना २४० पोती आणि २.१ ते २.४ टन सळई. ठेकेदाराचा आकडा यापेक्षा फारच कमी असेल तर आनंद मानू नका, कारण विचारा. भावही ताजे घ्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याआधीचं एस्टिमेट कुणी तसंच पुढे केलं तर ती ओळ पुन्हा मांडायला लावा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे खारा वारा. नालासोपाऱ्यात रेल्वेलगत बांधलेल्या घराचं एस्टिमेट पाचूबंदरला चालत नाही. भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये समुद्रकाठची हवा 'तीव्र' गटात येते. तिथे आरसीसीला किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या फार तर ०.४५ पट, असं सांगितलं आहे. लाटेचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम ३५. गावोगावचे मिस्त्री मात्र एम २० वरच थांबतात. मानकानुसार पाटीने मोजून केलेलं मिश्रण एम २० पर्यंतच चालतं. एम ३० ला रीतसर मिक्स डिझाइन लागतं. ठेकेदार "सिमेंट जरा जास्त टाकतो, साहेब" म्हणाला तर ते मिक्स डिझाइन नव्हे.

तितकंच महत्त्वाचं सळईवरचं कव्हर. मिस्त्रीच्या हाताला सवय पाऊण इंचाची. 'तीव्र' गटात ४५ मिलिमीटर लागतं, म्हणजे जवळपास पावणेदोन इंच. सळईखाली लादीचा तुकडा किंवा खडी सरकवून ते साधत नाही. काँक्रीटचे कव्हर ब्लॉक आधीच पाडून ठेवावे लागतात. खारेपणा काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचला की ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, आणि स्लॅबचे पोपडे खाली येतात. मग लोक प्लास्टर करून घेतात आणि तेही वर्षा-दोन वर्षांत पडतं. शेजारच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज चर्चच्या भिंती पाहा. छप्परं गेली, १७३९ ची लढाई झाली, भिंती उभ्या आहेत. दगड-चुन्याच्या त्या भिंतींत गंजायला सळईच नाही. आपल्या घरात ती आहे, तर तिला झाकायचा खर्च करायलाच हवा.

रेती खाडीची असेल तर गोड्या पाण्याने धुऊन घ्या. नाहीतर क्रश सँड वापरा. बोअरचं पाणी खारट असेल तर टँकरचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळा लिहा, कारण मानक काँक्रीट कालवायला आणि मारायला, दोन्हीला समुद्राचं पाणी नको म्हणतं. स्लॅग सिमेंट खाऱ्या हवेत चांगलं टिकतं. ते वापरलंत तर स्लॅबला किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस पाणी मारा. या सगळ्याचा वाढीव खर्च मॉड्युलर किचनच्या मानाने किरकोळ असतो. तरी लोक इथे वाचवतात आणि तिथे उधळतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

कोळीवाड्याच्या गल्ल्या हा आणखी एक खर्च. सिमेंटची गाडी दारात येत नाही, खडी रस्त्यावर उतरते आणि पाटीने आत जाते. तयार काँक्रीट मागवायचं तर मिक्सर लांब उभा करून पंपाची नळी ओढावी लागते. हा खर्च कुणाचा, ते करारात लिहा. बोंबील वाळवायच्या वलांडी उभ्या असलेल्या अंगणात कुणाला विचारून रेती टाकायची, हेही आधी ठरवलेलं बरं; त्यावरून कामं थांबलेली मी पाहिली आहेत.

परवानगीचं काम ठेकेदारावर सोपवू नका. "ते मी बघतो" या तीन शब्दांना कागदावर काही किंमत नसते. किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्ती कायद्याने त्याच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आहे, दुरुस्तीही परवानगीनेच. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधायचं तरी परवानगी लागते. त्यावर किनारा नियमन क्षेत्राचे नियम, त्यावर महापालिका. घरपट्टीची पावती ही बांधकामाची परवानगी नव्हे, हे मी ओटीवर बसून किती जणांना सांगितलं असेल! नकाशावर तुमचं घर कुठे पडतं ते आधी पाहा, मग टाइल्स निवडा.

"वर एक खोली चढवू" हा बेत तर दर दोन घरांत. खाली विटांच्या भिंतींवर तोललेलं जुनं घर, पाया किती खोल ते आजोबांनाच माहीत, आणि वर आरसीसी मजला! पाया उघडून पाहिल्याशिवाय याला हो म्हणणारा ठेकेदार मी त्याच क्षणी यादीतून काढतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हापासून पत्र्याऐवजी स्लॅब हवा असं वाटणं मी समजू शकतो. पण स्लॅबचं वजन भिंतींना विचारून ठरवायचं.

पैसे कामाच्या मागे चालावेत, पुढे नव्हे. उचल दहा टक्क्यांच्या वर नको. मग जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असे टप्पे, आणि प्रत्येक टप्पा मोजून झाल्यावर हप्ता. पाच टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गळती दिसली तर दिसते ती ऑगस्टात. स्वतःजवळ एकूण खर्चाच्या दहा टक्के शिल्लक वेगळी असू द्या आणि ती ठेकेदाराला सांगू नका. बंदीच्या दोन महिन्यांत एकही मोठा हप्ता पडणार नाही, असं वेळापत्रक सहीआधीच मागा. चांगला ठेकेदार नाही म्हणत नाही.

सळई तोलून घ्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६५ किलोच्या आसपास भरली पाहिजे. मानकात पाच टक्क्यांची सूट आहे, त्याहून हलकी असेल तर परत पाठवा. वजनकाटा घरचाच असतो, मासळी तोलायचा.

आणि भांडण झालंच तर? आपल्या जागेवर आपण ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला महारेरा लागू नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या 'सेवे'त मात्र घरबांधणी आहे, तेव्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. तिथे लागतात ते लेखी करार, सह्या केलेली मोजमापाची वही आणि बँकेतून गेलेले पैसे. विटांच्या ढिगाशेजारी उभं राहून दिलेली रोकड तिथे सिद्ध करणं फार अवघड. यंदा काम काढणार असाल तर बाकी माझं काही ऐका न ऐका, निदान पहिला हप्ता चेकने द्या.