आणखी दोन वर्षे

२०२४ सालच्या ज्येष्ठातली गोष्ट. पाऊस नुकताच लागला होता, आणि रत्नागिरीस पाऊस लागला म्हणजे संध्याकाळी घरातील सारी माणसे ओटीवर जमावयाची, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. धाकट्या भाऊजींची मुलगी मानसशास्त्र घेऊन एम. ए. झाल्याचे त्याच आठवड्यात कळले होते. देवापुढे साखर ठेवून झाली होती, आळीत पेढे वाटून झाले होते. आमचे थोरले दीर नाना हे घरातील शिक्षणखात्याचे प्रधान. त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "सरकारात मानसशास्त्रज्ञाची जागा असते म्हणतात. अर्ज करून टाक. पंख्याखाली खुर्ची, महिनाअखेर पगार. बाईमाणसास याहून बरे ते काय?"

पोरीनेही त्याच रात्री एक सरकारी जाहिरात शोधून काढली. ती माझ्याशेजारी बसून वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. एम. ए. ही तर पहिलीच पायरी होती. तिच्याखाली लिहिले होते, क्लिनिकल सायकॉलॉजी या विषयातील दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल., आणि तिच्याखाली, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी.

येथे मला घरातील एक उणे सांगावे लागते. एम. ए. च्या दुसऱ्या वर्षी तिने एका संस्थेचा घरबसल्या करावयाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. फी बरीच भरली होती. प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत 'क्लिनिकल' हा शब्द होता, आणि ते आम्ही कौतुकाने चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलेही होते. परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या संस्थेचे नाव आम्ही तीनतीनदा पाहिले. ते तेथे नव्हते. दुसऱ्या दिवशी चौकट भिंतीवरून उतरली. कोणी उतरविली ते कोणी विचारले नाही.

ही नोंदणी म्हणजे काय प्रकरण आहे, ते पाहण्यासाठी मी स्वतः कायदा काढून वाचला. शाळेत तीस वर्षे शिकविल्यामुळे छापील कागद मुळापासून वाचण्याची खोड मला जडली आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वये एक केंद्रीय नोंदवही ठेविली जाते. त्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही त्याला सरकारात किंवा स्थानिक वा इतर प्राधिकरणाने चालविलेल्या संस्थेत या व्यवसायाचे पद धारण करता येत नाही; आणि नाव नसता व्यवसाय करील त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून नाना हसले, कैदेचा वाचून हसावयाचे थांबले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे याची व्याख्याच करून ठेविली आहे. मान्यताप्राप्त संस्थेची या विषयातील पात्रता हवी. अथवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी, आणि तीवर दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल., जीत जाणत्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकणे आलेच पाहिजे. घरबसल्या मिळविलेल्या विद्येस तेथे जागा नाही.

या एम. फिल. ला प्रवेश मिळणेही सोपे नव्हते. एम. ए. ला ५५ टक्के गुण हवे असत, राखीव वर्गांस ५० पुरत. मग प्रवेशपरीक्षा, मग मुलाखत, आणि जागा थोड्या. आपल्या देशात हे शिक्षण सुरू झाले ते बंगळूरास. १९५४ साली तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तिलाच पुढे निम्हान्स हे नाव मिळाले, आणि १९५५ पासून तेथे या विषयाची पदविका देऊ लागले. पुढे रांची झाली, आणखी झाली. शिवाय आमच्या पोरीच्या वाट्यास एक निराळीच घाई आली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. ही पदवीच बंद केली, आणि या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची सवलत ठेविली. परिषदेने यापुढे त्याच विषयाचे नवे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आखले आहेत. म्हणजे जुन्या वाटेने जावयाचे तर दोनच संधी उरल्या होत्या.

"आणखी दोन वर्षे!" नाना म्हणाले. "आणि कुठे काढायची ही दोन वर्षे?"

"इस्पितळात, नाना. वॉर्डात."

"कसल्या इस्पितळात?"

ती बोलली नाही. माझ्याच्याने राहवेना म्हणून मी म्हटले, "मनाच्या रुग्णांच्या."

झोपाळा थांबला. इतका वेळ नानांच्या मनात कचेरीतील खुर्ची होती. तिच्या जागी गावातला तो दगडी कोट उभा राहिला असावा. आमच्या रत्नागिरीस सांगावयाला टिळकांचा जन्म आहे, हापूस आंबा आहे, थिबा राजाचा वाडा आहे. मनोरुग्णालयाचे नाव मात्र रत्नागिरीकर आपण होऊन घेत नाही. वास्तविक ब्रह्मदेशाच्या त्या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेविले, आणि हे इस्पितळही १८८६ चेच. दोघांचीही योजना एकाच कारणाने झाली असे मी म्हणत नाही, पण ज्यांना दूर ठेवावयाचे त्यांच्यासाठी सरकारला हा सड्यावरचा गाव सोयीचा वाटला असेल खरा. राजा १९१६ साली येथेच वारला. इस्पितळ अजून चालू आहे. राज्यातील जुन्या चार सरकारी मनोरुग्णालयांत, नागपूर, ठाणे, येरवडा यांच्या पंक्तीत, ३६५ खाटांचे आमचे सर्वांत लहान. घाटावरचे लोक थट्टेत ठाण्याचे किंवा येरवड्याचे नाव घेतात. आम्हाला ती थट्टा करावयाची झाली तर बोट आपल्याच गावाकडे करावे लागते.

नाना म्हणाले, "आपल्या घरातली मुलगी त्या कोटाच्या आत बसणार? उद्या तिच्या लग्नाचे बोलणे निघाले तर लोक काय विचारतील?"

त्या रात्री माझ्या एका जुन्या वर्गमैत्रिणीस मी फोन लाविला. तिने दुसऱ्या शहरात अशाच पदावर आयुष्य काढले आहे. ती आधी पोरीशी, मग माझ्याशी तासभर बोलली. माझा पहिला प्रश्न अडाणीपणाचाच होता, की डॉक्टर असताना तुमचे काय काम? ती म्हणाली, "औषध लिहून देणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम. तो एम. बी. बी. एस. होऊन पुढे शिकलेला असतो. मला एक गोळीही लिहून देता येत नाही. मी बसते, विचारते, ऐकते, चाचण्या देते, आणि मग महिनोन् महिने त्या माणसाबरोबर त्याच्या मनाची वाट चालते." दोन वर्षे कशास लागतात, याचे तिने एकच उदाहरण दिले. ते मी विसरणार नाही.

शिक्षणाच्या पहिल्या वर्षी तिच्यापुढे एक अकरा वर्षांचा मुलगा आणिला होता. मतिमंद असल्याचा दाखला हवा होता. तिने बिने-कामत चाचणी घेतली. (धारवाडचे कामत यांनी बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी आपल्याकडील मराठी व कानडी मुलांसाठी बसविली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० चे, आणि चाचणी आजही वापरात आहे.) मुलाने निम्म्या प्रश्नांना उत्तरेच दिली नाहीत. तिने गुणांची बेरीज केली, आकडा मांडला आणि कागद गुरूंपुढे नेला. गुरूंनी आकडा पाहिलाच नाही. ते म्हणाले, "तू कोणत्या बाजूला बसली होतीस?" ती डावीकडे बसली होती. "आता उजवीकडे बसून त्याच्याशी त्याच्या घरच्या बोलीत बोल." मुलाला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते, उजव्याने येत होते तेही थोडे, आणि पुस्तकी मराठी त्याने घरी कधी ऐकली नव्हती. तो होडीची, जाळ्यांची, भरती-ओहोटीच्या वेळांची माहिती तिला सांगू लागला. दाखला लागला तो निराळा. "बेरीज मला एम. ए. तच येत होती," मैत्रीण म्हणाली. "कोणत्या बाजूला बसावे ते येत नव्हते."

मी हे सारे दुसऱ्या दिवशी ओटीवर सांगितले. नानांनी ऐकून घेतले आणि पुन्हा लग्नाचाच मुद्दा काढिला. तेव्हा इतका वेळ वाती वळीत बसलेल्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकाएकी म्हणाल्या, "नाना, आक्कांचे ताट कोण नेत असे रे?"

सत्त्याऐंशी वर्षांच्या माईंना हल्ली कमी ऐकू येते असे आम्ही समजत होतो.

आक्का म्हणजे माईंच्या नणंद. या घरात लग्न होऊन येऊन मला पस्तीस वर्षे झाली. परंतु आक्का होत्या, लवकर गेल्या, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. माईंनी त्या दिवशी सांगितले ते असे. त्या १९५५ साली लग्न होऊन या घरी आल्या, तेव्हा आक्का सासरहून परत धाडलेल्या होत्या. प्रथम नुसत्या गप्प असत. पुढे रात्री-बेरात्री उठून आगराकडे निघू लागल्या. मग न्हाणीघरामागच्या खोलीत त्यांना ठेवू लागले, आणि खोलीला बाहेरून कडी बसविली. वैद्यांचे काढे झाले, अंगारे झाले, कुलदेवतेला नवस झाला. आक्का दिवसभर चिंचोके मोजीत. दिवाणखान्यात पाहुणे आले म्हणजे त्यांना शेजारच्या घरी नेत. ही अशी सोळा वर्षे. १९७१ च्या आषाढात त्या गेल्या.

"इस्पितळ गावातच होते, माई," मी म्हटले.

"होते ना. म्हणूनच नेले नाही. परगावी असते तर एक वेळ नेले असते." माईंनी वात पुरी वळली. "आणि मारझोड कोणी केली नाही हो. दूधभात होता, लुगडी होती. पण तिला काय होतेय ते कोणी विचारलेच नाही. आम्हाला विचारता येत नव्हते."

ताट नानाच नेत असत. सहासात वर्षांचे असताना त्यांच्याकडे ते काम होते, कारण दुसऱ्या कोणाच्या हातचे आक्का घेत नसत. नाना झोपाळ्यावरून उठले आणि पावसातच फाटकापर्यंत जाऊन आले. लग्नाचा विषय त्यानंतर निघाला नाही. निघाला असता तर मी सांगणार होते की २०१७ च्या त्याच कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास साफ मनाई केली आहे. पण आमच्याकडे साखळी नव्हती, कडी होती, आणि तेवढ्या फरकावर समाधान मानणाऱ्यांपैकीच मीही एक असते, हे तेव्हाच माझ्या लक्षात आले.

त्या वर्षी पोरीला प्रवेश मिळाला नाही. लेखी परीक्षा निघाली, मुलाखतीत राहिली. वर्षभर ती घरी अभ्यास करीत होती. २०२५ साली, सवलतीच्या शेवटच्या वर्षी, एका परराज्यातील संस्थेत तिला जागा मिळाली. त्या संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आहे की नाही, ते नानांनी स्वतः पाहिले, छापून घेतले आणि त्याची घडी तिच्या पाकिटात ठेविली. ही दोन वर्षे संपली, प्रबंध झाला, परीक्षकांसमोर प्रत्यक्ष रुग्ण तपासून दाखविला, की नोंदणी. ती झाली की सरकारी जाहिरातीस अर्ज. आणि पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. नाना आता हा क्रम आल्यागेल्यास तोंडपाठ सांगतात. पंख्याखालच्या खुर्चीचा उल्लेख त्यातून गळाला आहे.

दिवाळीस ती चार दिवस आली होती. रोड झाली आहे. भाऊबिजेच्या दुपारी सारे पडले असता ती माईंजवळ वही घेऊन बसली. रुग्णाचा पूर्ववृत्तान्त कसा लिहावा याचा सराव करावयाचा होता म्हणे, आणि तिने आक्कांचा लिहावयास घेतला होता. झोप कशी होती, भूक कशी होती, पहिल्याने काय निराळे वाटले, चिंचोके मोजताना मोठ्याने मोजीत की मनात, मध्ये कोणी बोलले तर पुन्हा पहिल्यापासून मोजीत की काय. माई आठवून आठवून सांगत होत्या. काही प्रश्नांना त्या बराच वेळ गप्प बसत, आणि पोरही तशीच गप्प बसून राही. पूर्वीची असती तर तिने तीन नवे प्रश्न विचारले असते.

"अगो, पण नाव लिहू नकोस हो," माई मध्येच म्हणाल्या.

"नाही लिहीत, आजी. रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, असा कायदाच आहे. मी नुसते 'आ.' असे लिहिले आहे."

नाना झोपाळ्यावर डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटले, त्यांना झोप लागली आहे. ते डोळे न उघडताच म्हणाले, "आक्का हे काही तिचे नाव नव्हे." आणि त्यांनी आक्कांचे माहेरचे, पाळण्यातले नाव सांगितले. पस्तीस वर्षांत मी ते या घरात प्रथमच ऐकिले.