डोंगराची दर्शनी बाजू

दर वर्षी 21 एप्रिलला ब्राझीलच्या मिनास जेराईस राज्याची राजधानी एका दिवसापुरती हलते. बेलो होरिझोन्ते हे राजधानीचं शहर, पण त्या दिवशी राज्याचा मान शंभरेक किलोमीटरवरच्या ओरो प्रेतो या डोंगरातल्या गावाकडे जातो. तिथल्या तिरादेन्तिस चौकात समारंभ होतो आणि 1952 साली जुसेलिनो कुबिचेक राज्यपाल असताना सुरू झालेली पदकं वाटली जातात. तारीख फाशीची आहे. सोन्यावरच्या जबर करांविरुद्ध 1789 मध्ये याच गावात पोर्तुगालची राजसत्ता उलथण्याचा कट रचला गेला. पुढे 1792 मध्ये त्यातल्या तिरादेन्तिस नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका साध्या लष्करी अधिकाऱ्याला रिओत फासावर चढवून त्याचं शिर इथे आणून टांगलं. (गोव्यातला पिंटोंचा कट 1789 च्या या कटाच्या दोनच वर्षं आधीचा, पोर्तुगालच्या त्याच राणी मारियाच्या राज्यातला.) स्वतःची राजधानी वर्षातून एकदा मागे नेऊन ठेवणाऱ्या या रिवाजात मला नुसती हुतात्म्याची आठवण दिसत नाही. त्यात एक कबुलीही आहे: ही दोन गावं एकमेकांवाचून पुरी होत नाहीत. प्रवासाची पुस्तकं मात्र ती तोडूनच दाखवतात. ओरो प्रेतोला पानंच्या पानं मिळतात आणि बेलो होरिझोन्तेला विमानतळ नि बसस्थानकापुरत्या चार ओळी. माझं म्हणणं असं, की या मोठ्या, कमी ओळखीच्या शहराला टाळून जो थेट जुन्या गावी जातो, त्याला ते जुनं गावही नीट कळत नाही.

ओरो प्रेतो आज आहे तसं उरलं याचं पहिलं कारणच मुळी बेलो होरिझोन्ते आहे. अठराव्या शतकात सोन्याने फुगलेलं हे गाव एकोणिसाव्या शतकात सोनं सरल्यावर ओसरत गेलं. अरुंद घळीत, चढउतारांच्या गल्ल्यांत त्याला पसरायला जागा नव्हती. प्रजासत्ताक आल्यावर नव्या राज्यकर्त्यांना जुन्या सत्तेची सावली नसलेली राजधानी हवी होती. सेर्रा दो कुराल या डोंगररांगेच्या पायथ्याशी कुराल देल रे नावाचं खेडं होतं. ते निवडलं गेलं, आराँव रेइस या अभियंत्याने आराखडा आखला, आणि 12 डिसेंबर 1897 ला नव्या राजधानीचं उद्घाटन झालं. सरळ रस्त्यांची जाळी, तिला तिरपे छेदणारे रुंद मार्ग, आणि सगळ्याला वेढा घालणारा कोन्तोर्नो मार्ग. लोकवस्ती दोन लाखांची धरली होती. 2022 च्या जनगणनेत ती तेवीस लाखांच्या वर भरली. इकडे शहर वाढलं आणि तिकडे ओरो प्रेतो रिकामं झालं. कारकून गेले, वकील गेले, व्यापारी गेले, आणि त्यांच्यामागून घरं पाडून नवी बांधायचं कारणही गेलं. मराठी वाचकाला ही गोष्ट दूरची वाटू नये. गोव्याची राजधानी 1843 मध्ये जुन्या गोव्याहून रीतसर पणजीला गेली आणि मागे चर्चं उरली. फरक एवढाच, की जुन्या गोव्यातली घरं राहिली नाहीत; तिथल्या कित्येक इमारतींचा दगड पणजीच्या बांधकामांत गेला. ओरो प्रेतोत घरं राहिली, कारण 1876 साली निघालेली खाणविद्येची शाळा गाव सोडून गेली नाही आणि तिचे विद्यार्थी ओस वाड्यांत बिऱ्हाडं करून राहिले. कुणी म्हणेल, हा तर निव्वळ योगायोग. वाचवायचं म्हणून कुणी राजधानी हलवली नव्हती. खरं आहे. पण नुसतं रिकामेपण गाव वाचवत नाही, पडझडही करतं. त्या रिकामेपणाला मोल देणारी नजर लागते, आणि ती नजर आधुनिकांकडून आली. 1924 च्या पवित्र सप्ताहात लेखक मारियो दि आंद्रादि नि ओस्वाल्द दि आंद्रादि, चित्रकार तार्सिला आणि फ्रेंच कवी ब्लेझ सांद्रार ही मंडळी मिनासची जुनी गावं बघत हिंडली. युरोपातल्या नव्या कलेने भारावलेल्या या लोकांना आपल्या मातीतलं स्वतंत्र असं काही प्रथम इथेच दिसलं. पुढे देशाच्या वारसा-संरक्षण खात्याचा पहिला मसुदा मारियोनेच लिहिला. 1933 मध्ये ओरो प्रेतो राष्ट्रीय स्मारक ठरलं, 1980 मध्ये ब्राझीलमधलं पहिलं जागतिक वारसास्थळ.

खरा कठीण आक्षेप दुसराच आहे. जे शहर एक अख्खं खेडं पुसून उभं राहिलं, त्याला वारसा वाचवल्याचं श्रेय कसं द्यायचं? कुराल देल रेच्या लोकांना उठवलं गेलं, त्यांचं जुनं चर्च पुढे पाडून त्या जागी नवं बांधलं. त्या गावाची म्हणून आज दाखवता येते ती मुख्यतः 1883 ची एक शेतवाडी, आणि तिथेच 1943 पासून शहराचं इतिहाससंग्रहालय आहे. या हिशोबात बेलो होरिझोन्ते निर्दोष ठरत नाही, आणि ते ठरवायची मला घाईही नाही. पण पुसण्यावरच हे शहर थांबलं असतं तर त्याच्याविषयी लिहायचं कारण नव्हतं. ते थांबलं नाही, याचा पुरावा शहराच्या पांपुल्या भागात आहे. कुबिचेक महापौर असताना, 1940 च्या सुमारास, त्याने एका कृत्रिम तळ्याकाठी ऑस्कार निमायर या तिशीतल्या वास्तुकाराकडून कॅसिनो, नृत्यगृह, नौका-क्लब आणि चर्च बांधून घेतलं. बागा रोबेर्तो बुर्ले मार्क्सने आखल्या. त्याच सुमारास निमायर ओरो प्रेतोतही काम करत होता. तिथलं ग्रँड हॉटेल, जुन्या कौलांच्या गर्दीत काँक्रीटचे खांब उभे करणारं, त्याचंच. म्हणजे पांपुल्याची वक्ररेषा कागदावर उतरत होती तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अलेजादिन्यो या मिनासच्या जुन्या शिल्पकार-वास्तुकाराची चर्चं होती: 1766 मध्ये सुरू झालेलं ओरो प्रेतोचं संत फ्रान्सिसचं चर्च, त्याचे गोल मनोरे, दगडाला दिलेली लाट. आणि पांपुल्याचं चर्चही संत फ्रान्सिसचंच. काँक्रीटच्या कमानी एकीमागून एक डोंगरांसारख्या उठतात आणि मागच्या भिंतीवर चित्रकार पोर्तिनारीच्या निळ्या-पांढऱ्या फरशा, अगदी पोर्तुगीज रिवाजाच्या. निमायर स्वतः आपल्या वक्ररेषेचं श्रेय देशातल्या डोंगरांना नि नद्यांना देत असे. मी त्यात ही चर्चंही धरीन. 1943 मध्ये बांधून झालेल्या या चर्चला तिथल्या धर्मसत्तेने 1959 पर्यंत मान्यता दिली नाही. आकार चर्चसारखा नाही, पोर्तिनारीने संताजवळ लांडग्याऐवजी कुत्रा काढला, अशी गाऱ्हाणी होती. त्याआधीच, 1947 मध्ये, वारसा खात्याने ते संरक्षित जाहीर केलं होतं. चार वर्षांच्या इमारतीला वारसा म्हणण्याचं धाडस ज्या खात्याने केलं, तेच खातं ओरो प्रेतोची कौलं सांभाळत होतं. जुनं आणि नवं इथे एकाच हातात होतं. तळ्याचं पाणी सांडपाण्याने बिघडलं आहे, कॅसिनो 1946 च्या जुगारबंदीने बंद पडून पुढे कलासंग्रहालय झाला, हे सगळं कबूल. पण या काठाशिवाय कुबिचेक आणि निमायर यांनीच पुढे उभारलेल्या, 1960 च्या ब्राझिलिया या देशाच्या नव्या राजधानीची कल्पना करता येत नाही.

आता डोंगराविषयी, कारण या प्रदेशातली प्रत्येक गोष्ट शेवटी डोंगरापाशी येते. बेलो होरिझोन्तेच्या दक्षिणेला सेर्रा दो कुराल आडवी उभी आहे. शहराच्या रुंद रस्त्यांच्या टोकाला ती दिसते, आणि तिच्यामुळेच शहराला दिशा आहे. 1960 मध्ये तिचा शहराकडचा भाग संरक्षित झाला. तिच्या मागच्या अंगाला मात्र, नोव्हा लिमाच्या बाजूला, 1970 च्या दशकापासून लोहखनिजाची प्रचंड खाण चालली. शहरातून दिसणारी कडा राखून पाठीमागून डोंगर काढत नेला, आणि खाण बंद पडल्यावर त्या खड्ड्यात खोल तळं साचलं. म्हणजे लाखो माणसं रोज जो डोंगर पाहतात, ती त्याची दर्शनी बाजू तेवढी आहे. कार्लोस द्रुमोंद दि आंद्रादि हा या राज्याचा थोर कवी तरुणपणी याच शहरात राहिला. 1924 च्या त्या मंडळींना भेटायला गेलेल्या इथल्या तरुणांत तो होता, आणि पुढे वारसा खात्यात नोकरीलाही होता. उतारवयात या डोंगराच्या हानीवर त्याने ‘उदास क्षितिज’ अशा अर्थाच्या नावाची कविता लिहिली. त्याचं जन्मगाव इताबिरा. 1942 मध्ये तिथे वाले ही खाणकंपनी निघाली आणि गावावर उभं असलेलं कावे शिखर तिच्या कामात खणून नाहीसं झालं. हे सांगायचं कारण असं, की ओरो प्रेतोत खाण ही इतिहासाची गोष्ट वाटते. जुनी खाण तिकीट काढून पाहायला मिळते, आत गार वाटतं, गाईड गुलामांच्या हालांविषयी सांगतो आणि आपण उजेडात येतो. ती चर्चं ज्या सोन्यावर उभी आहेत ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी काढलं, आणि गुलामी या देशात 1888 पर्यंत टिकली. खुद्द अलेजादिन्योची आई गुलाम होती. पण खाणीचा हिशोब तिथे संपलेला नाही. 5 नोव्हेंबर 2015 ला ओरो प्रेतोच्या शेजारच्या मारियानात खाणीच्या गाळाचं धरण फुटलं, बेन्तो रोद्रिगेस हे गाव चिखलाखाली गेलं, 19 माणसं मेली आणि गाळ दोसे नदीतून पार समुद्रापर्यंत गेला. 25 जानेवारी 2019 ला ब्रुमादिन्योत दुसरं फुटलं. वेळ जेवणाची होती, कामगारांचं उपाहारगृह धरणाच्या खालच्या अंगाला होतं. 270 माणसं गेली. ब्रुमादिन्यो बेलो होरिझोन्तेपासून साठेक किलोमीटरवर, आणि तिथेच इन्योतिम हे बागेतलं विलक्षण कलासंग्रहालय आहे, जे बघायला जगभरातून लोक येतात. एकाच गावाचं नाव एका सुंदर बागेसाठी आणि एका स्मशानासाठी घ्यावं लागतं, हे मला फार लागतं. 2022 मध्ये सेर्रा दो कुरालमध्येच नव्या खाणीला परवानगी दिली गेली तेव्हा शहरात निदर्शनं झाली. राजधानीतला माणूस डोंगरासाठी रस्त्यावर येतो, कारण डोंगर त्याच्या खिडकीत आहे. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीचे खाणींनी उघडे पडलेले डोंगर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सोनं आणि लोखंड, वसाहत आणि कंपनी यांच्यातली सलग रेषा दिसायची असेल तर नुसत्या जुन्या गावात उभं राहून ती दिसत नाही. या शहरात उभं राहावं लागतं.

यावर सुट्टी घेऊन निघालेला माणूस साहजिकच म्हणेल, हे सगळं विचारात ठीक आहे, पण आठवडाभराच्या प्रवासात मी उंच इमारतींच्या गर्दीत दिवस का घालवू? शहर देखणं नाही, समुद्र नाही, रिओसारखं काही नाही. समुद्र नाही हे खरंच, आणि म्हणूनच इथली संध्याकाळ टपरीवजा बारच्या बाकांवर जाते. बार आणि खाणं याबद्दल सगळा ब्राझील या शहराला मान देतो. 1929 पासून चालत आलेल्या मध्यवर्ती बाजारात मिनासचं चीज एकावर एक रचलेलं असतं. कच्च्या दुधाचं हे चीज करायच्या पद्धतीची 2024 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात नोंद केली, आणि माझ्या मते ओरो प्रेतोच्या एखाद्या वेदीइतकीच ती नोंद मोलाची आहे. सान्ता तेरेझा वस्तीत मिल्तोन नासिमेन्तो, लो बोर्जेस आणि त्यांचे मित्र एका नाक्यावर जमत. त्यातून 1972 मध्ये ‘क्लूबी दा एस्किना’ हा अल्बम निघाला. त्यात चर्चमधल्या सामूहिक गायनाचा घुमारा आहे, बीटल्सचा नाद आहे आणि मालगाडीच्या राज्याची लांबण आहे. त्या संगीताला मी बरोक म्हणेन. कुणाला ते जास्त वाटलं तर त्याने आधी ऐकावं आणि मग वाद घालावा. शहराला देखणेपणा नाही म्हणणाऱ्याला माझं उत्तर एवढंच, की देखणेपण ओरो प्रेतोकडे आहे आणि त्या देखणेपणाची किंमत आजही इथे मोजली जाते.

तेव्हा जायचं झालं तर दोन दिवस आधी बेलो होरिझोन्तेला द्या. पहिल्या दिवशी पांपुल्या बघा, शेतवाडीचं संग्रहालय बघा, बाजारात चीज खा. दुसऱ्या दिवशी जवळच्या सबाराला जाऊन या. अलेजादिन्योचं काम तिथेही आहे आणि गर्दी कमी. मग ओरो प्रेतो आणि मारियाना करा, आणि शेवटी कोंगोन्यास. तिथे 1800 ते 1805 या काळात अलेजादिन्यो आणि त्याच्या हाताखालच्या कारागिरांनी घडवलेले शिरगोळ्याचे बारा संदेष्टे उघड्या आभाळाखाली उभे आहेत. ते पाहून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. गावाच्या वरच्या अंगाला असलेली लोहखाण आणि तिचं गाळाचं धरणही कुठे आहे ते विचारून घ्या.